सदतीस अपिलं आणि एक पिवळा टॅग

मला आयुष्यात दोन नोकऱ्या लागल्या आणि दोन्हींत काम एकच होतं, दुसऱ्याने केलेल्या कामातली खोट शोधायची. पहिली नोकरी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात, इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये. ती तेहतीस वर्षं केली. दुसरी जबलपूरच्याच रांझी भागातल्या आमच्या घरी, समोरच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे बसून. ती सहा वर्षं केली आणि यंदा सोडली. पहिलीबद्दल फार बोलायला मनाई आहे, म्हणून दुसरीबद्दल लिहितो. तरी पहिलीला वगळून भागणार नाही, कारण दुसऱ्या नोकरीत मी जी घोडचूक केली ती पहिल्या नोकरीत शिकलेल्या विद्येमुळेच केली.

गणपतीत मंडळात कोणी ओळखीचं भेटलं की विचारायचं, "काय भाऊ, रिटायर झाल्यावर काय करून राहिले?"

"मॉडरेटर आहे. लोक ऑनलाइन खेळतात ना, तिथे बसतो."

"बसून काय करता?"

"शिव्या वाचतो."

समोरचा म्हणायचा, "अच्छा. चलो, बढिया है. टाइमपास तर होते."

टाइमपास नव्हता, एवढं सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे.

आमच्या खेळाचं नाव वणवा. दोन संघ, प्रत्येकी पाच जण. बेटावरचं जंगल पेटलेलं असतं, दोन्ही संघांची एकेक वस्ती असते आणि मध्ये एकच तळं. आपली वस्ती वाचवायची आणि जमलं तर समोरच्याचं पाणी पळवायचं. खेळणारे आपापल्या घरी, कोणी जबलपूरला, कोणी नागपूरला, कोणी हैदराबादला. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत, लिहीत खेळतात. आता जिथे पाणी कमी आणि शेजारी दोन, तिथे भांडण नाही होणार तर काय आरती होणार? शेजाऱ्याचं पाणी पळवणं खेळात चालतं. शेजाऱ्याची आई-बहीण काढणं चालत नाही. या दोहोंमधली रेघ राखणं हे आमचं काम.

काम चालायचं ते असं. एखाद्याला कोणाचं वागणं खटकलं की तो बटन दाबून तक्रार करतो. त्या डावातलं सगळं बोलणं, लिहिणं आणि डावाचं चित्रण आमच्यापुढे येतं. ते बघून ठरवायचं. किरकोळ असेल तर समज. जरा जास्त असेल तर तोंड बंद, म्हणजे खेळा पण बोलू नका. त्यापुढे तीन दिवस बाहेर, तीस दिवस बाहेर आणि शेवटी कायमचं बाहेर. शिक्षा पटली नाही तर अपील. मॉडरेटरचं खरं नाव कोणाला कळू द्यायचं नसतं, म्हणून कंपनीने आम्हाला झाडांची नावं दिली होती. मी पळस. खेळाडूंनी आपणहून त्याचं पळसकाका करून टाकलं. लिहिण्यात वय लपत नाही.

ही नोकरी मला शिव्यांच्या परीक्षेत पहिला आल्यामुळे मिळाली. कंपनी पुण्याची आणि आमच्या वरच्या रेवती मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना हिंदी आणि मराठी दोन्ही समजणारी माणसं हवी होती. त्यांनी शंभर वाक्यं पाठवली आणि सांगितलं, यातली भांडणाची कोणती आणि दोस्तीची कोणती ते लावा. जबलपूरला मित्र मित्राला ज्या शब्दांत हाक मारतो ते ऐकून पुण्याचा माणूस सरळ पोलिसात जाईल. पण शिवी खरी की लाडाची हे शिवीवरून नाही, तिच्या पुढच्या वाक्यावरून कळतं. शॉप फ्लोअरवर जन्म काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माझी शंभरच्या शंभर बरोबर आली.

"काका, हे तुम्ही कुठे शिकलात?" मॅडमनी विचारलं.

"सरकारी प्रशिक्षण," मी म्हटलं.

आता थोडं कारखान्याचं. इन्स्पेक्शनमध्ये आमचं मुख्य हत्यार म्हणजे गेज. एक दांडा, त्याची दोन टोकं. एक गो, एक नो-गो. भोकात गो टोक गेलं पाहिजे आणि नो-गो टोक अडलं पाहिजे, की माल पास. यात कोणाच्या मताला जागा नाही. पास मालाला हिरवा टॅग, नापासाला लाल. मधला एक पिवळा, त्याचं नाव रिवर्क: दोष आहे पण दुरुस्त होण्यासारखा आहे, परत मशीनवर न्या. टॅगवर दोष काय ते स्पष्ट लिहून खाली सही करायची. आणि कामगाराला हक्क होता की तो म्हणू शके, माझ्यासमोर परत मोजा. तेव्हा मोजावंच लागे, मग जेवणाची सुट्टी का होईना.

वणव्यात मी आलो तेव्हा शिक्षा झालेल्या माणसाला एक छापील ओळ जायची. आपण समुदायाच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भंग केला आहे, वगैरे. वाचणाऱ्याला भंग कशाचा झाला हे कळायचं नाही, फक्त राग यायचा. मी रेवती मॅडमना म्हटलं, मला टॅग लिहू द्या. मग मी लिहायला लागलो: "काल दुपारच्या डावात तुम्ही समोरच्या खेळाडूच्या आईबद्दल तीनदा लिहिलंत. त्यांचा या आगीशी काही संबंध नव्हता. तीन दिवस बाहेर. परत आल्यावर पाण्याबद्दल बोला." लोक चिडायचे, पण वाचायचे. कोणी म्हणालाच की परत मोजा, तर वेळ ठरवून त्याला बोलावायचो. तो आणि मी दोघं मिळून तो डाव पुन्हा बघायचो. निम्मे लोक स्वतःचा आवाज ऐकूनच गप्प व्हायचे. एक जण तर मध्येच म्हणाला, "बंद करा जी, समजलं. बाजूला आई बसली आहे."

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका विद्यार्थ्याने लिहिलं, "पळसकाका, माझी परीक्षा आहे. खेळ सुटून नाही राहिला. मला एक महिना बाहेर करा." मी कळवलं, तुझा काही गुन्हा नाही, विनाकारण बाहेर काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला, म्हणजे पळसाला, उद्देशून दोन ओळींची शिवी पाठवली आणि खाली लिहिलं, "आता तरी?" शिवी चांगली घोटून तयार केलेली होती, अभ्यास दिसत होता. मी तीस दिवस दिले आणि टॅगवर कारण लिहिलं: परीक्षा. पास झाल्यावर त्याने पेढ्यांचा फोटो पाठवला.

इंदूरकडच्या एका बाईंवर नेहमी तक्रार यायची की ऐन आगीत जागा सोडून जातात. चित्रण बघितलं तर मागे कुकरची शिट्टी. तिसरी शिट्टी झाली की बाई गायब, दोन मिनिटांनी हजर. मी त्यांच्या संघाला लिहिलं की शिट्ट्या मोजा आणि दुसऱ्या शिट्टीला त्यांची पाण्याची नळी दुसऱ्या कोणीतरी धरावी. पुढे तो संघ बाईंना विचारूनच डाव लावू लागला, की आज वरण आहे की पुलाव.

माणूस एवढ्या वर्षांत स्वतःवर खूश होतो. मीही झालो. रेवती मॅडम नव्या मॉडरेटरांना माझे टॅग वाचायला देत. माझी सौभाग्यवती, सुनंदा, दुपारी चहा घेऊन यायची आणि खांद्यावरून वाचायची. "काहून हो, सकाळपासून पोरांशी भांडून राहिले?" म्हणायची आणि मग खुर्ची ओढून स्वतःच वाचत बसायची.

आता घोडचूक.

कारखान्यात हजार नग आले तर हजार मोजत बसत नाहीत. त्यातले ठरावीक उचलायचे आणि मोजायचे. त्यांत ठरल्यापेक्षा जास्त खराब निघाले तर अख्खा लॉट परत. शिवाय आमच्या सेक्शनची एक खास पद्धत होती. लॉटवर कामगाराचं नाव असेल तर ते पट्टीने झाकून मोजायचं. नाव दिसलं की हात हलतो, असं आमचे जुने फोरमन म्हणत. मी एकदा नाव झाकून असा लॉट परत पाठवला आणि पट्टी काढली तर नाव माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं. दोन वर्षं तो आमच्या घरचं पाणी प्यायला नाही. मला मात्र त्या गोष्टीचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी वणव्याची मोठी स्पर्धा होती. त्यात दलं उतरतात. चाळीस जणांपर्यंत मिळून एक दल करता येतं, त्याला नाव आणि झेंडा असतो, आणि दर डावाला त्यातले कोणी पाच जण खेळतात. एका दलाचं नाव होतं खोया जलेबी. खव्याची जिलेबी ही जबलपूरची खासियत, त्यामुळे नावावरूनच कळलं की मंडळी आपल्या गावची. कप्तानाचं खेळातलं नाव गढ़ावाली, म्हणजे आमच्या जबलपूरच्या गढा भागातली. रविवारी त्यांचा मोठा सामना होता.

गुरुवारी सकाळी त्यांच्याबद्दल तीन तक्रारी आल्या. मी तीन डाव उचलले. तिन्हींत खोया जलेबीचा एकेक खेळाडू समोरच्या संघातल्या एकाच मुलीच्या मागे लागलेला. ग्वाल्हेरकडची कॉलेजातली मुलगी होती. रस्ता सोड, जाऊन पोळ्या लाट, इथून सुरुवात आणि पुढे मला इथे लिहिता येणार नाही तिथपर्यंत. ती पहिल्या डावात उत्तर देत होती, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात एक अक्षर नाही. नुसतं पाणी वाहत होती. ते बघून माझं डोकं तापलं. त्यात मनात आलं, आपल्या गावचे म्हणून पळसाने सूट दिली असं कोणी म्हणता कामा नये. तीन डाव उचलले, तिन्ही खराब. मी खोया जलेबीचं अख्खं दल तीस दिवसांसाठी बाहेर काढलं. चाळीसच्या चाळीस.

खेळाचा नियम असा होता की तीस दिवस बंद राहिलेलं दल मोडतं. नाव पुसलं जातं, झेंडा पुसला जातो, माणसं विखुरतात. मला हे माहीत होतं. मी टॅग लिहिला, सही केली आणि समाधानाने चहा मागवला.

सुनंदाने वाचलं आणि विचारलं, "या तिघांचं समजलं. बाकीच्यांनी काय केलं?"

"त्यांनी काही नाही केलं."

"मग?"

"अगं, लॉट असतो तो."

ती कप घेऊन आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कप किती जोरात ठेवला यावरून मत कळतं.

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर समोर सदतीस अपिलं. सगळ्यांत वर गढ़ावालीचं पत्र: "मॉडजी, त्या तिघांसाठी अपील नाही. बाकी आम्ही सदतीस जण आहोत, म्हणून सदतीस अपिलं आहेत. एकत्र वाचू नका, एकेक वाचा. घाई नाही असं लिहायचं होतं, पण रविवार आहे."

मी वाचायला बसलो. एक लिहीत होता, "मी कधी बोलतच नाही. माझा माइक मागच्या वर्षीपासून खराब आहे." एक बाई लिहीत होत्या, "त्या तिन्ही दिवशी मी भाचीच्या लग्नात होते, पुरावा जोडला आहे," आणि सोबत पंगतीत जिलेबी खातानाचा त्यांचा फोटो. एका मुलाने लिहिलं होतं, "मला मराठी समजते पण लिहिता नाही येत जास्ती. गलती असेल तर माफ करा. मी गाली दिली होती एकदा पण स्वतःला, पाणी सांडून गेलं म्हणून." मी ते तपासलं. खरंच, स्वतःलाच दिली होती, आणि मापाने बरोबर होती.

एका सिव्हिल लाइन्समधल्या निवृत्त गृहस्थांनी लिहिलं होतं की दुसऱ्या तीन दलांनी त्यांना हात चालत नाही म्हणून हाकललं होतं. इथे आल्यावर पहिल्या डावात त्यांना कोणीही काही शिकवलं नाही. फक्त पाणी आणून दिलं. हा या दलाचा रिवाजच होता, नवा माणूस आला की पहिला डाव त्याला कोणी टोकायचं नाही. तीन वर्षं गढ़ावालीने एकेक माणूस असा गोळा केला होता, दुसरीकडून हाकललेला, कमी बोलणारा, चुकायला घाबरणारा. ज्याला सभ्य मैदान म्हणतात आणि ज्यासाठी कंपनीने मला ठेवलं होतं, ते या बाईने माझ्या आधीच बांधून ठेवलं होतं. आणि ते मी तीस दिवसांत पुसायला काढलं होतं.

यापुढचं अजून वाईट होतं. परत मोजायचं तर सुरुवातीपासून मोजायचं, म्हणून मी गुरुवारच्या मूळ तक्रारी उघडल्या. तक्रार कोणी केली हे मी कधीच बघत नसे. नाव झाकायचं, ही शिस्त. या वेळी पट्टी काढली. तिन्ही तक्रारी एकाच माणसाच्या होत्या. गढ़ावालीच्या. आपल्याच दलाच्या, आपल्या सर्वांत चांगल्या तीन खेळाडूंविरुद्ध, मोठ्या सामन्याच्या तोंडावर, तिनेच बटन दाबलं होतं.

मी तिला परत मोजायला बोलावलं. शनिवारी सकाळी ती हेडफोनवर आली. आवाज पस्तिशीतला, मागे सायकलींच्या घंट्या आणि भाजीवाल्याची हाक.

"पळसकाका ना? नमस्कार जी."

मी म्हटलं, "तक्रार तुम्हीच केली होती."

"हो. आधी मी त्यांना समजावलं, ऐकलं नाही. मग विचार केला, यासाठी तर तुम्ही आहात." तिने भाजीवाल्याला नंतर ये म्हणून सांगितलं. "सर, तुम्हाला तीन खिडक्या फुटलेल्या दाखवल्या, तुम्ही अख्खं घरच पाडून टाकलं. ते पण ठीक आहे, खेळ आहे, चलो. पण आता माझे लोक काय म्हणून राहिले, माहीत आहे? दीदी, तुम्ही काहून सांगितलं? चुप राहिल्या असत्या तर काही नसतं झालं. सांगा, काय उत्तर देऊ? पुढच्या वेळी त्यांच्यातलं कोणी बटन दाबेल का?"

तेहतीस अधिक चार वर्षांच्या नोकरीत मला कोणी इतकं सरळ नापास केलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. माणसं लॉटमध्ये येत नाहीत, हे मला या वयात कळायला हवं होतं."

"चुकी तर झाली," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलावलं, हे चांगलं केलं."

सदतीस जणांचे डाव मी शुक्रवारी दुपारपासून शनिवारी जेवणापर्यंत एकेक बघितले. सुनंदा शेजारी बसून यादीवर खुणा करत होती. सगळे साफ. दुपारी दल परत उभं केलं.

पण तेवढ्याने माझं भागत नव्हतं. कारखान्यात इन्स्पेक्टरने चांगला माल चुकून नाकारला तर त्याला त्याच टॅगवर लाल शाईने स्वतःची चूक लिहून सही करावी लागे, आणि तो टॅग आठवडाभर फळ्यावर लागे. मी रेवती मॅडमना फोन करून म्हटलं, मला सगळ्यांना दिसेल असं लिहायचं आहे.

"काका, मॉडरेटर अशी जाहीर माफी मागत नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्यापासून प्रत्येक जण म्हणेल, माझीही शिक्षा चुकली."

"मग त्याचंही परत मोजू."

त्या मग म्हणाल्या, "लिहा. पण छोटं लिहा."

मी लिहिलं: "खोया जलेबी दलाला मी न मोजता नाकारलं. तक्रार त्यांच्या कप्तानाचीच होती. आपल्या घरातली खोट स्वतः दाखवणाऱ्याला मी शिक्षा दिली. दोष माझा. पळस."

राहिले ते तिघे. त्यांना मी लाल टॅग लिहून ठेवला होता, कायमचं बाहेर, आणि शनिवारी ते कप्तानाला सांगताना कारखान्यातले लाल-हिरवे टॅगही सांगितले होते. गढ़ावालीने त्यांच्यासाठी अपील केलं नाही, पण जाताना एवढं विचारलं, "सर, तुमच्याकडे लाल आणि हिरवा दोनच असतात का?" मला हसू आलं आणि लाजही वाटली. पिवळा मी विसरलोच होतो. सहा वर्षांत तो मी फार कमी वापरला, ही माझ्या नोकरीतली खंत आहे.

रिवर्क तिनेच सुचवलं. तीस दिवस बाहेर, त्यानंतर दहा डाव तोंड बंद ठेवून नव्या खेळाडूंसाठी फक्त पाणी वाहायचं, आणि त्या मुलीला चालत असेल तर तिची माफी. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "माफी-बिफी नको. पुढच्या वेळी पाणी द्या म्हणावं."

दोघे तयार झाले. तिसरा खेळात बाज या नावाने खेळायचा. नळीवर त्याच्यासारखा हात अख्ख्या वणव्यात नव्हता. बोलावलं तर कळलं, गडी पन्नाशीचा, बँकेत अधिकारी. मी त्याला त्याचा डाव ऐकवला. तो म्हणाला, "गलत बोला मैंने, मानता हूँ. पण या उमरीत पोरांचं पाणी वाहू?" आणि उठून गेला. मी त्याला नंतर दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही असाच उठून गेलो असतो. म्हणूनच मला अजून वाटतं की त्याच्याशी बोलताना माझा शब्द कुठेतरी चुकला.

रविवारी खोया जलेबी खेळलं आणि वीस मिनिटांत सपशेल हरलं. वस्ती जळून राख झाली. शेवटच्या मिनिटाला त्यांच्यापैकी कोणीतरी लिहिलं, "पळसकाकांना बोलवा, फुंकर मारतील," आणि समोरच्या संघासकट सगळे हसत सुटले. त्या संघात ती ग्वाल्हेरची मुलगी होती. खेळ संपल्यावर तिने गढ़ावालीला विचारलं की तुमच्या दलात जागा आहे का. जागा नुकतीच झाली होती.

सोमवारी मला एक चित्र आलं. पिवळा टॅग, हाताने काढलेला. वस्तू: पळस. दोष: न मोजता नाकारतो. निर्णय: रिवर्क. खाली सदतीस सह्या. सुनंदाने तो छापून आणला आणि फ्रिजच्या दारावर लावला. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय आहे? ती सांगायची, "यांचं सर्टिफिकेट आहे."

पुढची दोन वर्षं मी एकेक नग मोजला. वेळ जास्त लागायचा, मॅडम कधी कुरकुरायच्या. यंदा डोळ्यांनी हट्ट धरला आणि मी नोकरी सोडली. सोडल्यावर नाव सांगायला हरकत नव्हती, म्हणून मी गढ़ावालीला पत्ता कळवला. ती गेल्या रविवारी गाडीवर गढ्याहून रांझीला आली. नाव माधुरी. एका सरकारी कचेरीत नोकरी करते आणि दिसायला अशी साधी, की ही बाई चाळीस जणांची आग विझवते असं कोणी म्हणणार नाही. सोबत अर्धा किलो खव्याची जिलेबी आणली होती.

आत येताच तिने फ्रिज बघितला. "अरे, हा अजून लावून ठेवला?"

सुनंदा म्हणाली, "काढू नाही दिला मी."

मग माधुरीने पर्समधून एक हिरवा कागद काढला. वस्तू: पळस. निर्णय: पास. खाली सह्या. या खऱ्या होत्या, पेनाने केलेल्या, वेगवेगळ्या शाईच्या. बाहेरगावच्यांनी टपालाने पाठवल्या होत्या, आणि ज्या दोघी आता खेळतही नाहीत त्यांच्या घरी जाऊन ती सह्या घेऊन आली होती.  बोलवत नसलं की मी मोजतो. चष्मा लावून सह्या मोजल्या. एकोणचाळीस. सदतीस जुन्या आणि त्या दोन पिवळ्यांच्या, ज्यांनी दहा डाव पाणी वाहिलं होतं. त्यांच्याखाली एक रेघ आखलेली आणि रेघेवर काही नाही.

"ही?" मी विचारलं.

"बाजची आहे, सर. फोन लावला होता मी. दोन वर्षांत पहिल्यांदा उचलला." माधुरीने जिलेबीचा पुडा सोडला. "म्हणाला, सोचता हूँ."

सुनंदाने कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला. "मग हे पास आहेत की नाहीत?"

"पास आहेत, काकू. एक माप बाकी आहे."

हिरवा टॅग आता पिवळ्याच्या शेजारी लावला आहे. कारखान्यात रजिस्टरला पेन बांधलेलं असायचं, तसं सुनंदाने फ्रिजच्या दांड्याला दोऱ्याने एक पेन बांधून ठेवलं आहे. मी त्याने दुधाचा हिशेब लिहायला बघतो, ती लिहू देत नाही.